बिल्ला देण्याआधी दोन दिवस

भीमजयंती जवळ आली की विहारात वही उघडते. मिरवणुकीत पाणी कोण वाटणार, प्रथमोपचाराच्या टेबलावर कोण बसणार, वस्तीतल्या तपासणी शिबिरात नावे कोण लिहून घेणार, अशी यादी सुरू होते. यंदाही नागपुरातल्या आमच्या वस्तीत दोन संध्याकाळीत पाने भरली. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुले आली, नर्सिंगला शिकणाऱ्या मुली आल्या, ऑटो चालवणारे दादा आले, चार घरची कामे करून येणाऱ्या ताईही आल्या. जयंतीनंतर यांतलेच काही जण वर्षभर आरोग्याचे काम करतात. क्षयाच्या रुग्णाला गोळ्यांची आठवण करून देतात, गरोदर बाईला तपासणीला नेतात, म्हाताऱ्या माणसासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात.

या सगळ्यांचे स्वागतच आहे. पण एक गोष्ट आम्ही यंदापासून ठाम ठरवली आहे. नाव लिहिले त्याच दिवशी बिल्ला मिळणार नाही. आधी दोन दिवसांचा वर्ग, मग महिनाभर जुन्या कार्यकर्त्याच्या जोडीने काम, मगच बिल्ला. कुणी या वर्गाला उद्बोधन वर्ग म्हणतात, कॉलेजची मुले ओरिएंटेशन म्हणतात. आम्ही त्याला तयारी वर्ग म्हणतो. काही जण यावर नाराज आहेत. "सेवा करायला आलोय, त्यालाही परीक्षा का?" असे विचारतात. त्यांना आणि इतर वस्त्यांतल्या विहार समित्यांना आमची बाजू सांगावी म्हणून हे लिहीत आहोत. यात आमच्या चुकाही आल्या आहेत. त्या लपवल्या तर सांगण्याला अर्थ राहणार नाही.

पहिली चूक एका पुडीची

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वस्तीत हगवणीची साथ आली. आम्ही घाईघाईने पोरे गोळा केली, हातात ओआरएसच्या पुड्या दिल्या आणि "घरोघर वाटा" म्हणून पाठवले. कसे करायचे ते सांगितले नाही. एवढे तर सगळ्यांना येतेच, असे आम्ही धरून चाललो.

एका घरी दोन वर्षांचे लेकरू जुलाबाने गळून गेले होते. आमच्या मुलाने मोठ्या मायेने पुडी फोडली, एका ग्लासात सगळी ओतली, ढवळली आणि आईला म्हणाला, पाजा. त्याने मेडिकल दुकानात मिळणारी छोटी पुडी पाहिली होती. ती एका ग्लासाची, म्हणजे 200 मिलिलिटर पाण्याची असते. सरकारी दवाखान्यातून आलेली पुडी मात्र एक लिटरची होती. एका लिटरचे मीठ एका ग्लासात गेले, तर लेकराच्या रक्तातले मीठ वाढते. तहान भडकते, झटकेही येऊ शकतात. औषध म्हणून दिलेले पाणीच घात करते.

लेकराने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवले. शेजारच्या आशाताई तेवढ्यात आल्या, त्यांनी ग्लास पाहिला आणि ओतून दिला. पुढची पुडी त्यांनी एक लिटर पाण्यात केली, चमच्याचमच्याने पाजायला सांगितले, आणि 14 दिवस रोज द्यायच्या झिंकच्या गोळ्या दिल्या. लेकरू बरे झाले. आमचा मुलगा मात्र त्या दिवसानंतर सहा महिने विहारात फिरकला नाही. आम्ही त्याला चारचौघांत बोललो होतो. खरे तर बोलणी आम्ही खायला हवी होती. पुडीच्या पाठीवर किती पाणी लिहिले आहे ते आधी वाचायचे, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आम्ही दिली नव्हती.

दुसरी चूक एका वाक्याची

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात हा आजार आपल्या समाजात बराच आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जी पहिली तपासणी होते, ती सोल्युबिलिटी चाचणी. तिच्यावरून रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे 'एएस', की आजारी आहे, म्हणजे 'एसएस', हे त्या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी करावी लागते.

आमच्या शिबिरात एका मुलीची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. टेबलावर बसलेली आमची कार्यकर्ती नवी होती, पण मनाने चांगली. तिने यादी पाहून मोठ्याने हाक मारली, "ताई, तुम्हाला सिकलसेल निघाला, इकडे या." रांगेत वीस बायका होत्या. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट नळावर पोचली. त्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. तिकडून निरोप आला की थोडे थांबू या, आणि ते थांबणे कायमचे ठरले. पुढच्या तपासणीचा कागद आला तेव्हा कळले की ती फक्त वाहक आहे. तिची आई आमच्यापुढे उभी राहून एवढेच म्हणाली, "माह्या पोरीची गोष्ट मले नळावर आयकाले भेटली." आमच्याकडे उत्तर नव्हते.

वाहक माणूस आजारी नसतो. तो शिकतो, कष्ट करतो, संसार करतो. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. दोघांतला एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त साफ असेल, तर सिकलसेलचे आजारी मूल जन्मत नाही. म्हणून लग्नाआधी मुलगी आणि मुलगा दोघांचीही तपासणी हवी. ती मुलींचीच करायची आणि मुलीलाच नाकारायचे, हा अन्याय आहे. हे सगळे आमच्या त्या कार्यकर्तीला माहीत असते, आणि निकाल कुणाला, कुठे, कोणत्या शब्दांत सांगायचा आणि तो सांगण्याचे काम कुणाचे, हे तिला आधी शिकवलेले असते, तर त्या मुलीची गोष्ट नळावर गेली नसती.

दोन्ही वेळा माणसे चांगली होती. मन चांगले होते. आम्ही मनावर विसंबलो आणि तयारी करून घेतली नाही.

भगवंतांनी काय सांगितले

"सेवेला मन लागते, शिकवणी कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी विनयपिटकातल्या महावग्गातला प्रसंग आठवावा. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. दुसरे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर ठेवले. मग भगवंतांनी भिक्खूंना बोलावून समजावले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार?

हा प्रसंग विहारात अनेकदा सांगितला जातो. त्याच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. भगवंत केवळ "सेवा करा" म्हणून थांबले नाहीत. आजाऱ्याची सेवा करायला कोण योग्य, याची पाच लक्षणे त्यांनी सांगितली. त्याला औषधाची नीट तयारी करता आली पाहिजे. रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला कळले पाहिजे, चालते ते जवळ आणावे, चालत नाही ते दूर करावे. त्याने मैत्रीच्या भावनेने सेवा करावी, काही मिळावे म्हणून नाही. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाच्या मनाला उभारी देता आली पाहिजे.

या पाचांत मैत्री एक आहे. बाकीच्या बऱ्याचशा गोष्टी शिकून येणाऱ्या आहेत. आमच्या तयारी वर्गाचा अभ्यासक्रम दुसऱ्या कुणाकडून आणलेला नाही, या पाच लक्षणांवरच तो उभा आहे.

बाबासाहेबांचा मार्गही हाच. ज्यांना राजकारणात यायचे आहे त्यांनी आधी तयार व्हावे, म्हणून 1956 साली त्यांनी मुंबईत प्रशिक्षण शाळा सुरू केली. भाषणाला उभे राहण्याआधी शिकायचे, तर आजाऱ्याच्या दारात उभे राहण्याआधी शिकायला हरकत कसली?

"आम्ही याच वस्तीतले, आम्हाला काय शिकवता?"

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. आम्हाला उलट वाटते. बाहेरून आलेल्या डॉक्टरणीला एखाद्याचा आजार कळला तर ती संध्याकाळी आपल्या घरी जाते. आपण इथेच राहतो. भिंतीला भिंत लागून आहे, नळ एक आहे, लग्नात जेवायला एकाच पंगतीत बसायचे आहे. आपल्याला कळलेली गोष्ट आपल्यासोबत रोज वस्तीत फिरते. म्हणून वस्तीतल्या माणसालाच जीभ आवरायला जास्त शिकावे लागते. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानेच रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. पण कायदा असो वा नसो, क्षय असो, सिकलसेल असो, गर्भपात असो की मनाचा आजार, घरातले घरातच राहिले पाहिजे. आपल्या नवऱ्यालाही सांगायचे नाही, आपल्या आईलाही नाही. शिबिराचे फोटो ग्रुपवर टाकताना रुग्णाचा चेहरा टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची हौस. नवा कार्यकर्ता विचाराने पेटलेला असतो, ते चांगलेच आहे. पण एखाद्या आजीने नातवाच्या गळ्यात ताईत बांधलेला दिसला की तो तिथेच बावीस प्रतिज्ञा ऐकवू लागतो. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी आजीची लाज काढली, तर पुढच्या वेळी ती ताईत काढणार नाही, दार लावेल. आणि ताप लपून राहील. आधी लेकराला दवाखान्यात न्यावे. लेकरू बरे झाले की आजी स्वतः ऐकते, असे आमचे पाहणे आहे. दारू पिणाऱ्या क्षयरुग्णाचेही तसेच. गोळ्या चालू असताना दारू यकृताला जास्त धोक्याची, हे त्याला सांगायलाच हवे. पण पंचशीलाच्या नावाने त्याला हिणवले तर तो गोळ्या आणि आपण, दोघांपासूनही लांब पळतो.

आपल्या घरांनी उपकाराची भाषा खूप ऐकली आहे. दवाखान्याच्या खिडकीवर आपल्याशी एकेरीत कोण बोलते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपलाच बिल्ला लावलेला पोरगाही तशाच आवाजात बोलू लागला तर लोकांनी जायचे कुठे?

दोन दिवसांत काय करतो

पहिला दिवस ऐकण्याचा. वंदना झाली की जुने कार्यकर्ते आपापल्या चुका सांगतात. पुडीची गोष्ट तो मुलगा आता स्वतः सांगतो. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा तो परत आला. मग जोड्या लावून दाराशी कसे बोलायचे याचा सराव होतो. आपले नाव सांगायचे, कशासाठी आलो ते सांगायचे, "आत येऊ का?" विचारायचे, आणि नाही म्हटले तर राग न धरता परत फिरायचे. वडीलधाऱ्यांना आजी, बाबा, मावशी, काका म्हणायचे. रुग्णाला आधी बोलू द्यायचे.

त्याच दिवशी काय करायचे नाही हेही स्पष्ट सांगतो. कार्यकर्ता गोळी लिहून देत नाही, सुई टोचत नाही, रिपोर्ट वाचून आजाराचे नाव सांगत नाही, दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कुणाला देत नाही, पैसे घेत नाही. तो आशाताईची किंवा नर्सची जागा घेत नाही, त्यांच्या हाताखाली मदत करतो.

दुसरा दिवस हाताने करण्याचा. प्रत्येक जण लिटरची बाटली मोजून ओआरएस करतो आणि स्वतः पिऊन बघतो. साबणाने हात धुणे करून दाखवतो. उन्हाचा झटका कसा ओळखायचा ते शिकतो. अंग भट्टीसारखे तापलेले, माणूस बरळतो आहे किंवा बेशुद्ध आहे, तर त्याला सावलीत न्यायचे, अंगावर पाणी मारायचे, वारा घालायचा आणि लगेच 108 ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि उपचार चालू असेपर्यंत क्षयरुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये यायला हवेत, हे सांगायला शिकतो.

मग दवाखान्याची ओळख. मेडिकल, मेयो, डागा इथे कुणाला कशासाठी न्यायचे, केसपेपर कुठे काढायचा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला कोणते कागद लागतात. धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, हे किती घरांना माहीत आहे? कुणी अपमान केला तर आवाज न चढवता नाव विचारून लेखी तक्रार कशी द्यायची, याचाही सराव घेतो. मन फार खचलेले असेल तर 14416, घरात बाईला मारहाण होत असेल तर 181, हे क्रमांक पाठ करून घेतो.

शेवटी कार्यकर्त्याची स्वतःची काळजी. सावित्रीमाईंनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी प्राण ठेवला. त्यांचे ऋण आपण विसरणार नाही. पण आज मास्क आहे, हातमोजे आहेत. ते असताना आपल्या पोरांना उघड्या हाताने पाठवणे हा त्यांचा आदर्श नव्हे, आपला निष्काळजीपणा आहे. वापरलेल्या सुईला हात लावायचा नाही. मुलींनी दोघी मिळून जायचे. एखादा रुग्ण दगावला तर घरी जाऊन एकट्याने रडत बसायचे नाही, विहारात येऊन बोलायचे. पूर्वी आमची चांगली चांगली मुले अशाच एखाद्या मृत्यूनंतर काम सोडून गेली. ती कमजोर नव्हती. असे होईल हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

माणसे कमी होतील का?

होतील, काही. यंदा नाव लिहून वर्गाला न आलेलेही आहेत. त्यांच्यासाठी पाणी वाटणे, मंडप लावणे, रांग सांभाळणे ही कामे आहेत आणि तीही मोलाचीच आहेत. पण कुणाच्या घरात शिरायचे, कुणाच्या आजाराचा कागद हातात घ्यायचा, तर दोन दिवस द्यावेच लागतील. ज्याला दोन दिवस जड वाटतात, तो सहा महिन्यांच्या क्षयाच्या उपचारात रुग्णासोबत टिकेल कसा?

ताईंची अडचण वेगळी असते. त्यांचा एक दिवस बुडाला तर कामावरचा पगार कापला जातो. म्हणून त्यांच्यासाठी आम्ही वर्ग चार संध्याकाळींत वाटून घेतो आणि लहान मुले सांभाळायला विहारात कुणीतरी बसते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आहेत. दोन दिवस म्हणजे कुणाला बाहेर ठेवण्याची युक्ती होता कामा नये.

खर्च म्हणाल तर फार नाही. विहाराची जागा आपली, चहा उपासिका करतात, बाटल्या घरून येतात. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला आधी पत्र दिले तर नर्स येऊन दोन तास शिकवून जातात. इतर वस्त्यांतल्या समित्यांनीही हे करून पाहावे. यायला हवे असेल तर आमच्या वर्गात येऊन मागे बसा.

आणि वस्तीतल्या घरांना एक विनंती. उद्या कुणी आरोग्याचा बिल्ला लावून दारात आले, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि विचारा, "बाळा, तुझा वर्ग झाला का?" विचारायला संकोच करू नका. तुमच्या लेकराच्या तोंडात जाणारे पाणी आणि तुमच्या घरातली गोष्ट, दोन्ही त्याच्या हातात आहेत. आमच्याच विहाराचा पोरगा असला तरी विचारा.

नमो बुद्धाय. जयभीम.